लॅपटॉप झोपतो, पण उठत नाही: लिनक्स कर्नलच्या पॉवर मॅनेजमेंटमधला बिघाड कसा शोधायचा

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात लिनक्सवर चालणारी यंत्रं सांभाळण्याचं काम मी करतो. कॉलेजांच्या लॅब, जिनिंगची ऑफिसं, रावेर-यावलकडच्या केळीबागांत पंपाच्या खोलीत बसवलेले छोटे बोर्ड. तक्रारी नाना तऱ्हेच्या येतात, पण फिरून फिरून येते ती पॉवर मॅनेजमेंटची. माणूस लॅपटॉप समोर ठेवतो आणि विचारतो, "भाऊ, याले काय व्हयनं?" आदल्या दिवशी झाकण लावलं तेव्हा सगळं ठीक होतं, आज झाकण उघडलं तर स्क्रीन काळी.

"लिनक्सला झोप जमत नाही" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते निदान नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी एका उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कोड, एका ठरावीक टप्प्यावर अडखळलेला असतो. ते उपकरण कोणतं आणि टप्पा कोणता हे कळेपर्यंत कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) एकाही पॅरामीटरला, म्हणजे सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सेटिंगला, हात लावू नका. कुठून तरी उचललेले पाच-सहा पॅरामीटर ग्रबमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) भरलेली यंत्रं माझ्याकडे येतात, तेव्हा पहिलं काम ते सगळे काढून टाकण्याचं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झालेली असते: दोष वायफायचा आणि बंद केलेली असते उपकरणांना जोडणाऱ्या पूर्ण पीसीआय बसची वीजबचत.

आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन लिपीत टाकायची.

लक्षणं

तक्रार ऐकतानाच ती खालीलपैकी कशात बसते ते ठरवून घ्या. पुढची सगळी वाट त्यावर अवलंबून आहे.

- झाकण उघडलं, पंखा फिरतो, पॉवरचा दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच राहते.
- झोपायला सांगितलं की स्क्रीन विझते आणि काही सेकंदांत परत उजळते. म्हणजे यंत्र झोपायलाच तयार नाही.
- नीट झोपतो, पण थोड्या वेळाने आपणहून जागा होतो.
- झोपलेला दिसतो, पण सकाळी बॅटरी शून्यावर. किंवा बॅगेतून बाहेर काढला तर हाताला चटका बसतो.
- उठतो, पण वायफाय, टचपॅड, आवाज यांपैकी एखादं गायब. रीस्टार्ट केलं की परत हजर.
- झोपेचा संबंधच नाही. यंत्र जागं असतानाच एखादं उपकरण थोडा वेळ रिकामं राहिलं की मरून जातं.

शेवटचं लक्षण वेगळ्या यंत्रणेचं आहे. अख्खं यंत्र झोपवणं म्हणजे सिस्टिम सस्पेंड. यंत्र चालू ठेवून एकेक रिकामं उपकरण झोपवणं म्हणजे रनटाइम पॉवर मॅनेजमेंट. त्याची आजची चौकट कर्नलच्या २.६.३२ या आवृत्तीत, २००९ च्या अखेरीस आली. एकाच ड्रायव्हरला दोन्ही सांभाळावे लागतात, आणि बरेच दोष नेमके या दोहोंच्या सांध्यात असतात.

चटका बसणाऱ्या लॅपटॉपबद्दल इथेच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे हे प्रकरण गंभीर आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो. अशा दुपारी एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या बंद बॅगेत लॅपटॉप जागा राहिला तर आतली उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, तळाचं झाकण फुगलं असेल किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. तिथेच थांबा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, आणि सरळ हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. बॅटरी बदलल्याशिवाय त्यावर एकही चाचणी करायची नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी कॅप्स लॉकची. स्क्रीन काळी असताना ही कळ दाबा आणि तिचा दिवा लागतो-विझतो का बघा. लागत असेल तर कर्नल जागा आहे, फक्त डिस्प्ले उठलेला नाही. दिवा ढिम्म असेल तर कर्नल वाटेतच अडकलाय. कीबोर्डला असा दिवा नसेल तर दुसऱ्या यंत्रावरून किंवा मोबाइलवरून पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून, बघा. एवढ्या एका कळीने शोधाचं क्षेत्र निम्मं होतं: दिवा लागला तर ग्राफिक्स ड्रायव्हर, नाही लागला तर बाकी सगळे.

दुसरी, यूएसबीला जे जे लावलंय ते काढा. माऊस, पेनड्राइव्ह, डोंगल, प्रिंटर, सगळं. मग झोपवा आणि उठवा. दोष गेला तर एकेक वस्तू परत लावत जा. डॉक किंवा हबही उपकरणच आहे, तोही काढायचा.

तिसरी, जुना कर्नल. बहुतेक डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) मागचे एक-दोन कर्नल ठेवून देतात. बूट होताना ग्रबच्या मेन्यूत ते दिसतात. जुन्यावर झोप नीट लागत असेल तर तुमच्या हातात फार मोलाची माहिती आली: हा नव्या आवृत्तीत शिरलेला दोष आहे. कर्नल विकासात जे चालत होतं ते मोडू नये हा पहिला नियम मानतात, म्हणून अशा तक्रारीला वजन असतं. तूर्त त्या जुन्या कर्नलवर काम चालू ठेवा आणि दोन्ही आवृत्त्यांचे पूर्ण क्रमांक लिहून ठेवा. "परवा अपडेट केलं तेव्हापासून" एवढ्यावर पुढे कोणी काही करू शकत नाही.

चौथी, बाहेरचे ड्रायव्हर. प्रॉक फोल्डरात सिस, त्यात कर्नल, त्यात टेंटेड नावाची फाईल आहे. तिच्यात शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर कर्नलमध्ये बहुधा बाहेरचं काहीतरी भरलंय, बंद स्रोताचा ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर यंत्रावरच बांधणाऱ्या साधनाने) बांधलेलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा सुटा तुकडा. ते काढून दोष परत येतो का हे बघितल्याशिवाय कर्नलची माणसं तुमच्या तक्रारीत लक्ष घालणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या कोडचा स्रोत त्यांच्याकडे नाही त्याचा दोष ते कसा शोधणार?

पाचवी, बायोस आणि एसएसडीचं फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर. एफडब्ल्यूअपडी हे साधन बऱ्याच लॅपटॉपचं फर्मवेअर लिनक्समधूनच अद्ययावत करतं. झोपेच्या कामात कर्नल फर्मवेअरवर फार विसंबून असतो, त्यामुळे निर्मात्याने तिथे दुरुस्ती केली असेल तर तुमची पुढची सगळी मेहनत वाचते. मात्र खेड्यावर असाल तर लोडशेडिंगचं वेळापत्रक आधी बघा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर बायोस अपडेट करूच नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो आणि मग काम चिप-लेव्हलवाल्याकडे जातं.

लॉग काय सांगतो आणि काय सांगत नाही

जर्नलसीटीएलला (लॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदी, दाखवणाऱ्या आज्ञेला) मागच्या बूटचा आणि फक्त कर्नलचा लॉग मागा. "पीएम: सस्पेंड एंट्री" अशी ओळ सापडेल, आणि सगळं सुरळीत झालं असेल तर पुढे "पीएम: सस्पेंड एक्झिट". दुसरी ओळ नसेल तर यंत्र झोपताना किंवा उठताना अडकलं. यावरून लगेच "झोपतानाच अडकलं" असा निष्कर्ष काढू नका. अडकण्याच्या वेळी डिस्क झोपलेली असते, त्यामुळे शेवटच्या ओळी डिस्कवर पोचतच नाहीत. उठताना अडकलेल्या यंत्राचा लॉगसुद्धा झोपेच्या ओळीवरच संपतो.

यंत्र झोपायलाच नकार देत असेल तर मात्र काम फार सोपं आहे, कारण यंत्र जिवंत आहे आणि बोलतंय. सिस (प्रॉकमधलं नव्हे, मुळातलं वेगळं फोल्डर), पॉवर, सस्पेंड-स्टॅट्स या फोल्डरात किती वेळा यश आलं, किती वेळा अपयश, शेवटचं अडलेलं उपकरण कोणतं आणि टप्पा कोणता, हे सगळं लिहिलेलं असतं. ते नाव वाचा आणि सरळ त्या ड्रायव्हरकडे जा. अपयश प्रक्रिया गोठवण्याच्या टप्प्यावर दिसत असेल तर बऱ्याचदा दोष ड्रायव्हरचा नसून नेटवर्क फोल्डरचा असतो. कर्नल सगळ्या प्रोग्रॅमना थांबायला मूळ सेटिंगप्रमाणे २० सेकंद देतो. बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या एनएफएस फाईलची वाट बघत बसलेला प्रोग्रॅम त्या वेळात थांबत नाही आणि झोप रद्द होते. कॉलेजच्या लॅबमध्ये हे कायम दिसतं, संध्याकाळी सर्व्हर आधी बंद करतात आणि क्लायंट नंतर.

कोणती झोप चालू आहे?

सिस, पॉवर, मेम-स्लीप ही फाईल वाचा. तिच्यात "एसटूआयडल" आणि "डीप" यांपैकी एक किंवा दोन्ही शब्द दिसतील. ज्याभोवती चौकोनी कंस तो सध्या निवडलेला. डीप म्हणजे जुनी एस-३ झोप: रॅमला वीज, बाकी जवळपास सगळं बंद, आणि सूत्रं फर्मवेअरकडे. एसटूआयडल म्हणजे प्रोसेसर जागेवरच निष्क्रिय ठेवायचा आणि प्रत्येक उपकरणाने आपापली वीज कमी करायची. गेल्या काही वर्षांतल्या अनेक लॅपटॉपमध्ये निर्मात्यांनी एस-३ काढूनच टाकली आहे. तिथे फक्त एसटूआयडल दिसेल, आणि कुठलाही पॅरामीटर देऊन डीप उगवणार नाही.

दोन्ही दिसत असतील तर फाईलमध्ये डीप लिहून बघा. एवढ्याने सुटलं तर मेम-स्लीप-डीफॉल्ट हा पॅरामीटर कायमचा लावायला हरकत नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्येही झोपेचा प्रकार निवडायची सोय असते, तीही बघून घ्या.

एसटूआयडलवर बॅटरी संपण्याचं कारण इथेच लपलेलं असतं. एक जरी उपकरण पूर्ण झोपलं नाही तरी अख्खी चिप सर्वांत खोल अवस्थेत जाऊ शकत नाही. वरून लॅपटॉप झोपलेला दिसतो आणि आतून वीज खात राहतो. कर्नल ६.४ पासून सस्पेंड-स्टॅट्समध्ये लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप अशी एक फाईल आहे. प्रोसेसरची चिप ही माहिती पुरवत असेल तर शेवटच्या झोपेत हार्डवेअर प्रत्यक्षात किती मायक्रोसेकंद खोल झोपेत होतं ते तिथे कळतं. लॅपटॉप दहा मिनिटं झोपवा. फाईलमध्ये शून्य किंवा अगदी किरकोळ आकडा आला तर खोल झोप लागलेलीच नाही. अशा वेळी मी सर्वांत आधी एनव्हीएमई एसएसडीकडे बघतो, मग यूएसबी कंट्रोलरकडे, मग ग्राफिक्सकडे.

आपणहून जागं होण्याच्या तक्रारीसाठी प्रॉक, एसीपीआय, वेकअप ही फाईल. जागं करण्याची मुभा असलेल्या उपकरणांची ती यादी आहे. एखादं नाव त्याच फाईलमध्ये लिहिलं की त्याची मुभा उलटते, चालू असेल तर बंद होते. यूएसबी कंट्रोलरची मुभा काढली की बरेच लॅपटॉप शांत झोपतात. झाकणाची मुभा शेवटी तपासा, पण विसरू नका: झाकणातलं चुंबक सरकलेलं असलं की बॅगेतल्या धक्क्यांनी सेन्सरला झाकण उघडल्यासारखं वाटतं. तो दोष कर्नलचा नाही, बिजागरी आणि चुंबक बघणाऱ्याचा आहे. वेकअप फाईलमधला बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो, म्हणून खात्री पटल्यावर तो सिस्टिमडीच्या (सुरू होताना सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या सर्व्हिसमध्ये घाला.

चालू यंत्रात उपकरण मरणं: केळीबागेतला मोडेम

पंपाच्या खोलीत छोटा लिनक्स बोर्ड, त्याला यूएसबीचा फोर-जी मोडेम, आणि त्यावरून मोटार चालू आहे की नाही याचा निरोप शेतकऱ्याच्या मोबाइलवर. इकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. निरोप आला नाही तर माणसाला अंधारात बागेत जावं लागतं, त्यामुळे हा दोष छोटा नाही. लक्षण असं: मोडेम बोलत असतो तोवर ठीक, थोडा वेळ गप्प बसला की परत बोलत नाही. मोडेम उपसून परत खोचला की चालू.

इथे सर्वांत स्वस्त तपासणी विजेची. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) मोडेमच्या नावापुढे "डिस्कनेक्ट" दिसतंय का बघा. मोडेम टॉवर शोधताना एकदम जास्त करंट ओढतो; ॲडॉप्टर हलका असेल किंवा वायर लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि मोडेम खरोखरच बंद पडून परत चालू होतो. रास्पबेरी पायसारखा बोर्ड असेल तर व्होल्टेज कमी पडल्याचा इशारा लॉगमध्ये स्पष्ट येतो. चांगला ॲडॉप्टर किंवा स्वतःची वीज असलेला हब लावून बघा. डिस्कनेक्ट नसेल आणि मोडेम यादीत दिसतोय पण उत्तर देत नाही, तरच पॉवर मॅनेजमेंटवर संशय घ्या.

सिस, बस, यूएसबी, डिव्हाइसेसमध्ये प्रत्येक उपकरणाचं फोल्डर असतं, आणि त्यात पॉवर नावाचं उपफोल्डर. तिथली कंट्रोल फाईल वाचा. "ऑन" म्हणजे या उपकरणाला झोपवायचं नाही, "ऑटो" म्हणजे रिकामं दिसलं की झोपवायचं. कर्नल आपणहून हब वगळता बहुतेक यूएसबी उपकरणांना झोपवत नाही. काही ड्रायव्हर मात्र स्वतःच तशी परवानगी देतात. मोडेमवर "ऑटो" दिसलं तर बहुतेक वेळा पॉवरटॉपचा ऑटो-ट्यून किंवा टीएलपीसारखं बॅटरी वाचवणारं साधन कोणीतरी बसवलेलं असतं. कंट्रोलमध्ये "ऑन" लिहा आणि वाट बघा. मोडेम टिकला तर त्या एकाच मोडेमच्या ओळख क्रमांकासाठी यूडेव्हचा (उपकरण जोडताच सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहा. अख्ख्या यूएसबीची ऑटोसस्पेंड बंद करू नका. सोलरवर चालणाऱ्या बोर्डावर ती थोडीशी बचतही रात्री कामाला येते.

मोडेम झोपायलाच हवा अशी गरज असेल तर यूएसबीकोरच्या क्वर्क्स (उपकरणांच्या खोडींच्या) पॅरामीटरमध्ये त्या उपकरणासाठी रीसेट-रिझ्यूमचं अक्षर देता येतं. मग उठताना कर्नल त्याला साधं जागं करण्याऐवजी रीसेट करतो. काही स्वस्त मोडेमना झोपेत आपली अवस्था लक्षात ठेवता येत नाही, त्यांना हाच उपाय. तो लागू पडला तर ती नोंद कर्नलच्या क्वर्क यादीत कायमची जायला हवी. तेवढा पॅच (कोडमधला बदल) पाठवाच, तोच मोडेम विकत घेणाऱ्या दुसऱ्या माणसाचा त्रास वाचेल.

वायफायच्या बाबतीत नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये पॉवरसेव्ह बंद करून बघणं हा याच जातीचा उपाय. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. चाललं तर तिथेच थांबा.

टप्पा पकडणं

वरच्या फायलींत लिहायला लागतात तसे इथेही रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याचे, अधिकार लागतात, आणि इथून पुढे यंत्र अडकण्याची शक्यता असते. कामाच्या फायलींची प्रत आधी दुसरीकडे घ्या.

कर्नल यंत्राला पायरीपायरीने झोपवतो: आधी प्रोग्रॅम गोठवायचे, मग उपकरणं झोपवायची, मग फर्मवेअरला सांगायचं, मग मुख्य सोडून बाकीचे प्रोसेसर बंद, आणि शेवटी गाभा. सिस, पॉवर, पीएम-टेस्ट या फाईलमध्ये फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर यांपैकी एक शब्द लिहून यंत्राला झोपायला सांगितलं, तर ते तेवढ्याच पायरीपर्यंत जातं, ५ सेकंद थांबतं आणि परत येतं. फ्रीझरपासून सुरुवात करा आणि एकेक पायरी खोल जा. ज्या पायरीवर पहिल्यांदा अडकेल तिथे दोष. फ्रीझर पार झालं आणि डिव्हाइसेसवर अडकलं, तर दोष ड्रायव्हरमध्येच आहे. डिव्हाइसेस बिनबोभाट पार होऊन प्लॅटफॉर्मवर अडकलं, तर संशय फर्मवेअरवर. एसटूआयडलमध्ये शेवटच्या दोन चाचण्या चालत नाहीत, कर्नल तसं सांगतो. काम झाल्यावर फाईलमध्ये "नन" लिहायला विसरू नका. ही फाईल दिसतच नसेल तर तुमचा कर्नल पीएम-डीबग पर्यायाशिवाय बांधलाय.

एकदा चाचणी करून समाधान मानू नका. अनेक दोष दर झोपेला दिसत नाहीत. आरटीसीवेक हे साधन यंत्राला झोपवून ठरलेल्या वेळी उठवतं. लूपमध्ये घालून रात्रभर चालू ठेवा, पंख्याखाली आणि उघड्या टेबलावर.

आता माझी सर्वांत आवडती तपासणी, जी बरेच जण वगळतात. कर्नल उपकरणांना एकामागून एक नाही, तर शक्य तिथे एकाच वेळी झोपवतो, वेळ वाचावा म्हणून. पीएम-असिंक फाईलमध्ये शून्य लिहिलं की हे काम एका रांगेत होतं. रांगेत केल्यावर दोष नाहीसा झाला तर दोन उपकरणांमधलं अवलंबित्व कर्नलला ठाऊकच नाही असं समजा. उदाहरणार्थ, टचपॅड अजून बोलतोय आणि ज्याच्यामार्फत तो बोलतो तो आयटूसी कंट्रोलर आधीच झोपला. यावरची खरी दुरुस्ती म्हणजे ड्रायव्हरमध्ये त्या दोघांचं नातं डिव्हाइस-लिंकने जाहीर करणं. असिंक कायमचं बंद ठेवणं हा तात्पुरता आडोसा आहे.

यंत्र उठताना पूर्ण अडकत असेल आणि काहीच दिसत नसेल, तर पीएम-ट्रेस. ती फाईल १ केली की कर्नल प्रत्येक उपकरणाशी पोचल्यावर त्याची एक खूण घड्याळाच्या चिपमध्ये लिहीत जातो, कारण रीस्टार्टनंतरही टिकणारी तेवढीच एक भरवशाची जागा असते. यंत्र अडकलं की ३ मिनिटांच्या आत जबरदस्तीने रीस्टार्ट करा, नाहीतर घड्याळ पुढे सरकून खूण बिघडते. मग डीमेसेगमध्ये "हॅश मॅचेस" शोधा. समोर उपकरणाचं नाव असेल. कधी कधी एकाच खुणेला दोन-तीन नावं जुळतात, म्हणून पुन्हा करून ताडून बघा. तारीख-वेळ विस्कटते, ती नंतर दुरुस्त करा. पीएम-ट्रेस असिंक आपोआप बंद करतं, हेही ध्यानात ठेवा. ते लावल्यावर दोषच दिसेनासा झाला तर उत्तर वरच्या परिच्छेदात आहे.

नाव मिळालं की त्याचा ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर झोपण्याआधी काढून आणि उठल्यावर परत घालून बघा. एवढ्याने दोष जात असेल तर आरोप जवळपास सिद्ध झाला, आणि पक्की दुरुस्ती होईपर्यंतची सोयही झाली.

ड्रायव्हरच्या कोडमध्ये काय शोधायचं

हे सी वाचता येणाऱ्यांसाठी. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या कॉलेजांतून शिकलेल्या मुलांनी इथे जरूर हात घालावा, कारण हे दोष लहान असतात आणि त्यांच्या दुरुस्त्या दोन-चार ओळींच्या.

सर्वांत जास्त आढळणारा दोष मोजणीचा. उपकरण वापरायच्या आधी ड्रायव्हर पीएम_रनटाइम_गेट_सिंक बोलावतो, तेव्हा वापराचा आकडा एकने वाढतो. काम झाल्यावर पुट म्हटलं की एकने उतरतो. शून्य झाला की उपकरण झोपू शकतं. गोम अशी की गेट_सिंक अपयशी ठरलं तरी आकडा वाढलेलाच राहतो. लिहिणाऱ्याला वाटतं, अपयश आलं म्हणजे काही घेतलंच नाही, आणि तो तसाच परत फिरतो. आकडा कधीच शून्यावर येत नाही, उपकरण कायम जागं, बॅटरी खलास. म्हणूनच २०२० मध्ये कर्नल ५.१० च्या सुमारास पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट हे फंक्शन आलं. अपयश आलं तर ते आकडा स्वतःच उतरवतं. जुन्या ड्रायव्हरमध्ये गेट_सिंक शोधा आणि त्यानंतरची प्रत्येक बाहेर पडण्याची वाट तपासा. बाहेरून हे ओळखायचं तर उपकरणाच्या पॉवर फोल्डरातली रनटाइम-सस्पेंडेड-टाइम फाईल थोड्या थोड्या वेळाने वाचा. कंट्रोल "ऑटो" असून, उपकरण रिकामं असून तो आकडा वाढत नसेल तर कोणीतरी त्याला धरून ठेवलंय. रनटाइम-स्टेटसमध्ये "एरर" दिसलं तर झोपवण्याचं किंवा उठवण्याचं फंक्शन स्वतःच अपयशी ठरलंय.

दुसरा दोष झोपलेल्या उपकरणाचे रजिस्टर वाचण्याचा. पीसीआय उपकरण गाढ झोपेत असताना वाचलं तर सगळे बिट १ येतात, आणि बेसावध ड्रायव्हर त्यालाच खरी माहिती समजून चालतो. इंटरप्ट दोन उपकरणांत वाटलेला असेल तर हे हमखास होतं: इंटरप्ट शेजाऱ्याचा, आणि झोपलेल्याचा हँडलर धावतो. एआरएम बोर्डांवर घड्याळ बंद असलेला ब्लॉक वाचला तर थेट यंत्रच थिजू शकतं.

तिसरा, आधी बोललो तो सांधा. उपकरण रनटाइममध्ये आधीच झोपलेलं असताना अख्ख्या यंत्राची झोप येते, आणि ड्रायव्हरचं सस्पेंड फंक्शन ते जागं आहे असं धरून हात घालतं. पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि त्याचा जोडीदार फोर्स_रिझ्यूम यासाठीच आहेत.

जुना कर्नल चांगला आणि नवा बिघडलेला हे पक्कं असेल, तर कोड न वाचताही दोषी बदल सापडतो. गिट बायसेक्ट दरवेळी उरलेले बदल निम्म्यावर आणतं. कर्नलच्या दोन लागोपाठच्या आवृत्त्यांत १० हजारांहून जास्त बदल असतात, तरी साधारण १४ वेळा बांधून-तपासून एका बदलावर पोचता येतं. लोकलमॉडकॉन्फिग वापरलं तर फक्त तुमच्या यंत्राला लागणारी मॉड्यूल बांधली जातात आणि जुन्या लॅपटॉपवरही हे आवाक्यात येतं. दोष कधी दिसतो, कधी नाही अशा जातीचा असेल तर प्रत्येक टप्प्यावर "चांगला" म्हणण्याआधी पुष्कळ वेळा झोपवून बघा. एक चुकीचा शेरा पुढची सगळी वाट भलतीकडे नेतो.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

फुगलेली बॅटरी, जळका वास, चार्जरच्या सॉकेटजवळ काळेपणा: चिप-लेव्हल दुरुस्ती करणारा, ताबडतोब.

दुसऱ्या डिस्ट्रोच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर, वेगळ्या कर्नलवर आणि शक्य असेल तर वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही यंत्र तसंच अडकत असेल, तर बोर्ड किंवा फर्मवेअर. वॉरंटी असेल तर यंत्र न उघडता निर्मात्याच्या सेवा केंद्राकडे द्या.

केळी पिकवण्याचं चेंबर, दवाखान्यातलं उपकरण किंवा ज्याच्या बंद पडण्याने कोणाचं नुकसान होईल असं यंत्र असेल, तर त्यावर पीएम-टेस्ट आणि पीएम-ट्रेस चालवू नका. झोप पूर्ण बंद ठेवा, आणि ज्याने ती यंत्रणा बसवली त्या एम्बेडेड इंजिनिअरला बोलवा. बोर्ड खास बनवून घेतलेला असेल तर दोष डिव्हाइस-ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) किंवा रेग्युलेटरच्या जोडणीत असण्याची शक्यता मोठी, आणि स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा) हातात नसताना त्यावर अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

उपकरण आणि टप्पा सापडला, पण कोड तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे, तर तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्याकडे जा. कर्नलच्या स्रोतातल्या मेंटेनर्स फाईलमध्ये बहुतेक ड्रायव्हरपुढे नाव असतं. गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट ते शोधून देते. तक्रारीत यंत्राचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, शेवटचा चांगला आणि पहिला बिघडलेला कर्नल, मेम-स्लीपमधला शब्द, पीएम-टेस्ट कोणत्या पायरीवर अडली, आणि पूर्ण डीमेसेग एवढं द्या. डीमेसेगचा तुम्हाला महत्त्वाचा वाटलेला तुकडा कापून देऊ नका. आणि दुरुस्तीचा पॅच आला की तो लावून, लूपमध्ये रात्रभर झोपवून-उठवून, निकाल कळवा. तुमचं यंत्र त्यांच्यापाशी नाही, त्यांना दुसऱ्या कशावरून कळणार?